मधात कोनी उठाचं नाही

"सिनेमाच्या मधात एक मानूस उठनार नाही," सुखराम म्हणाला आणि निवाडा सुनावून मोकळ्या झालेल्या पंचाच्या ऐटीत त्यानं चहाची बशी खाली ठेवली. "एक मानूस उठला, तं माहं नाव बदलून टाकजा."

केशवरावांनी भुवयांवरचा कोंडा पुसला. त्यांची धानगिरणी होती, आणि पिंपळटोलीच्या मंडई समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होतं. दोन्हीकडे आवाज फार आणि कोंडा फार, असं ते स्वतःच म्हणत.

दिवाळी सरून हलका धान कापला गेला, की मोहाडीच्या या पट्ट्यात गावोगाव मंडई भरते. एकेका गावाला एकेक दिवस वाटून दिलेला. लेकीबाळी माहेरी येतात, जावई येतात, जावयांचे मित्र येतात, आणि ज्यांचं गावात कोणाशीच नातं नाही तेही कोणाच्या तरी घरी जेवून जातात. दुपारी दंडार, म्हणजे सोंगांचा नाचगाण्याचा खेळ, दिवेलागणीनंतर नाटक. नाटकाविना मंडई म्हणजे नवरदेवाविना वरात, असं केशवरावांचं पक्कं मत होतं.

"नाटकवाल्यायले मी सांगूनच राहिलो होतो," ते म्हणाले. "तू आडवा आला."

"नाटक दरसाल पायतो जी. औंदा आपल्या पोरीचा सिनेमा पाहू. पुन्यात दाखवला तिनं."

"काय म्हनत होते पुन्याचे लोक?"

सुखरामनं बशी पुन्हा उचलली. ती रिकामी होती. तरी तो प्यायला.

हर्षा ही सुखरामची एकुलती लेक. लहानपणी ती बापासोबत दंडारीला जायची आणि पडद्याच्या पुढं न बसता मागं जाऊन बसायची. पुढून तर सगळेच पाहतात, म्हणायची. पुण्यात जाऊन सिनेमा शिकली, आणि गेल्या हिवाळ्यात मित्रमैत्रिणींची एक टोळी आणि एक कॅमेरा घेऊन गावात उतरली. गावाला वाटलं, आता काहीतरी होणार. महिनाभर काहीच झालं नाही. सगळी पोरं सुखरामच्या शेतातल्या बोडीच्या पाळीवर, त्या लहानशा तळ्याच्या काठी, नुसती पाण्याकडे पाहत बसून राहिली. काही न होणं हाच सिनेमा आहे, हे गावाला फार उशिरा कळलं.

सिनेमाचं नाव 'सारस येईपर्यंत'. त्यात एक सिनेमावाली टोळी एका गावात येते. नायक-नायिकेचं गाणं घ्यायचं आहे आणि मागं सारसांची जोडी नाचली पाहिजे, असा दिग्दर्शकाचा हट्ट. सारस काही येत नाही. वाट पाहता पाहता नायिका उन्हाळी धानाची रोवणी शिकते. नायक आपल्या आतेभावाच्या लग्नाला निघून जातो, म्हणून त्याचा कोट काठीवर टांगून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा करतात आणि नायिका कोटाशी बोलू लागते. मग दिग्दर्शक गावातल्या एका शेतकऱ्याला कागदाची चोच लावतो, डोक्याला लाल फडकं बांधतो आणि चिखलात एका पायावर उभा करतो. एवढ्यात या टोळीवर सिनेमा काढायला दुसरी टोळी येते, आणि तीही सारसाची वाट पाहत बसते.

चोचवाला शेतकरी म्हणजे आपला सुखराम. तरुणपणी दंडारीत तो बाईचं सोंग घ्यायचा. आवाज असा, की एका धुऱ्यावरून हाक मारली तर चौथ्या धुऱ्यावरचा दुसऱ्याचा बैल थांबायचा.

पुण्यात अर्धे लोक पोट धरून हसले आणि अर्धे मधातच उठून गेले. एकानं लिहिलं, असा सिनेमा मराठीत आजवर झाला नाही. दुसऱ्यानंही तेच लिहिलं आणि पुढं 'नशीब' हा शब्द जोडला.

हे सगळं हर्षानं ओट्यावर बसून बापाला सांगितलं, तेव्हा पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलणारे तिचे हात क्षणभर थांबले होते.

"पुण्याचे लोक उठले त्याचं मला काही नाही, बाबा. पण ज्यांच्यात बसून मी बनवला, ते मधात उठले तर मी समजून जाईन."

"काय समजून जाशील व?"

"की मी येडी हाव. मग कैलाशदादाच्या दुकानात लागून जाईन."

कैलाश हर्षाच्या आईच्या, निर्मलाबाईच्या, बहिणीचा पोरगा. नागपुरात त्याचं फरश्यांचं दुकान. मनानं लोण्यासारखा माणूस. मावसबहिणीसाठी त्यानं गोल फिरणारी खुर्ची आणून ठेवली होती आणि तिचं प्लॅस्टिकही अजून काढलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षाला घेऊन जायच्या तयारीनं तो मंडईला गाडी घेऊनच येणार होता. फिरणाऱ्या खुर्चीत बसलेली आपली पोर सुखरामनं मनात आणून पाहिली. तिला खुर्ची फिरवताना पाहवेना, म्हणून त्यानं डोळे मिटले.

आता खरी गोष्ट सांगायची तर सिनेमा त्यालाही समजला नव्हता. हर्षानं तो लॅपटॉपवर दाखवला होता, पण स्वतःचा चेहरा यायला लागला की सुखराम उठायचा आणि बैलांना चारा टाकायला जायचा. चार गावांपुढं लुगडं नेसून कंबर हलवणारा हा गडी पडद्यावरच्या स्वतःला मात्र नव्या नवरीसारखा लाजायचा. त्या दिवशी बैलांचं पोट फुगायची वेळ आली. परत आल्यावर त्यानं "मस्त हाय, बाई" म्हटलं होतं, तेवढंच.

पण समजण्याशी त्याला काय करायचं होतं? लोक बसले पाहिजेत, बस्स. आणि लोकांना बसवणं ही तर दंडारीतल्या माणसाची विद्या. तो कामाला लागला.

"मामा, सिनेमात मारामारी हाय का?" पानठेल्यावरच्या पोट्ट्यांनी विचारलं.

"हाय न गा." होतीच. मेकअपवाला आणि लाइटवाला एका छत्रीवरून भांडतात.

महिला भजनी मंडळाला त्यानं बजावलं, "पदर कोरडा ठेवजा, रडू येते." कोणाला येतं हे सांगितलं नाही. केशवरावांच्या कानाशी जाऊन म्हणाला, "तुमीबी हा न त्यात." तेही खरं होतं. दिग्दर्शक रस्त्यानं चालतो तेव्हा मागून एक स्कूटर जाते, तिच्यावर केशवराव पाठमोरे आहेत.

"अवो, इतकं सांगून राहिले," निर्मलाबाई म्हणाली, "तेवढं हाय का त्या सिनेमात?"

"नाही हाय. म्हनून तं सांगून राहिलो."

मंडईच्या दिवशी त्यानं शेवटची तजवीज केली. शाळेच्या पटांगणाला एकच फाटक. लोक आत येऊन बसल्यावर त्यानं आपली बैलबंडी त्या फाटकात आडवी लावून टाकली, आणि स्वतः पडद्याशेजारी, भुपेंद्रच्या उंच स्पीकरच्या डब्याला टेकून, लोकांकडे तोंड करून उभा राहिला. भुपेंद्र हा मंडप-साउंडवाला. हर्षानं त्याला ताकीद दिली होती, की काहीही झालं तरी मशीनला हात लावायचा नाही.

पटांगण भरलं होतं. दूर जिलेबीवाल्यांचे दिवे, वर कार्तिकाचं कोवळं चांदणं, आणि कापलेल्या धानाचा वास गावभर असा पसरलेला, जणू अख्ख्या गावानंच नवं लुगडं नेसलंय. पहिल्या रांगेत भजनी मंडळ, पदर सावरून. त्यांच्या मधोमध मनकर्णाबाई, गावातली सगळ्यात म्हातारी. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात होऊ घातलेला. एकदा खाली बसली की तिला उठवायला दोघीजणी लागत. हर्षा तिच्याजवळ जाऊन बसली. कैलाश मागं खुर्चीवर.

सिनेमा सुरू झाला. आपलीच बोडी, आपलाच धुरा, आपलीच पाळ पाहून लोक खूश झाले. "ते माहं बदक हाय," एक बाई ओरडली. मग सगळे सारसाची वाट पाहू लागले. पडद्यावरचे पाहत होते, म्हणून खालचेही पाहत होते. छत्रीची मारामारी आली तेव्हा पोट्ट्यांनी शिट्टी मारली आणि मग एकमेकांना विचारलं, "झाली का?" नायिका कोटाशी बोलली तेव्हा एका आजीनं खरंच पदर डोळ्याला लावला आणि तिच्या सुनेनं विचारलं, "काहून रडता, मामीजी? तो कोट हाय." आजी म्हणाली, "तुहे मामाजीबी असेच ऐकत."

सुखरामला पडद्यावरचं काही दिसत नव्हतं. पडद्यावर चोच आली होती, म्हणून तो तिकडे मान वळवत नव्हता. त्याला दिसत होते फक्त लोकांचे चेहरे. एक जण जांभई देत होता. दुसरा चप्पल चाचपत होता. केशवराव स्वतःची पाठ शोधून शोधून कंटाळले होते. सुखरामनं नकळत हात जोडले. बसा जी, मनातल्या मनात तो म्हणाला, माही पोरगी पुढं बसली हाय, बसून राहा.

नेमकं तेव्हाच पडद्यावरचा दिग्दर्शक रुसला. "आता काहीच दाखवायचं नाही," असं म्हणून त्यानं खांद्यावरचा टॉवेल कॅमेऱ्यावर फेकला. पडदा काळा झाला. आवाजही गेला. भुपेंद्रनं सांगितल्याप्रमाणे हात लावला नाही. पटांगण चिडीचूप.

आणि त्या शांततेत स्पीकरमधून, चौथ्या धुऱ्यावरचा बैल थांबवणारा तो ओळखीचा आवाज उठला.

"चला जी, जेवाले चला. सगळे चला. आमच्या घरी पानं वाढली हायेत. पावनेमंडळी, लाजू नका. बाया-मानसं, लेकरं, सगळ्यायनं या. कोनी उपाशी गेलं तं मले वाईट वाटन."

सिनेमातल्या टोळीला तो चोचवाला शेतकरी जेवायला बोलावतो, तो हा प्रसंग. लॅपटॉपवर तो आला तेव्हा सुखराम बैलांपाशी होता, म्हणून हे बोलणं सिनेमात आहे हे त्याच्या लक्षातच नव्हतं. लोकांना मात्र दिसलं ते एवढंच: सिनेमा थांबलाय, चांदण्यात सुखराम आपल्याकडे तोंड करून हात जोडून उभा आहे, आणि त्याचा आवाज जेवायला बोलावतोय.

मंडईच्या दिवशी कोणी घरी बोलावलं आणि आपण गेलो नाही, तर त्या घराला किती लागतं हे इथल्या लहान लेकरालाही कळतं. आणि हा तर हात जोडून बोलावत होता.

अख्खं पटांगण एकदम उठलं.

"बसा," सुखराम म्हणाला. "बसा न जी. मी नाही बोललो."

"असू दे, भाऊ," कोणी तरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "इतकं बोलावल्यावर नाही कसं म्हनाव?"

फाटकात बंडी आडवी होती. दहा गड्यांनी ती फुलासारखी उचलून बाजूला ठेवली आणि बैल नाही हे पाहून, सुखरामचा वेंधळेपणा म्हणून, तिच्या चाकाखाली दगडही लावून दिला. सुखराम आडवाटेनं, दोन वाड्या ओलांडून, लोकांच्या आधी घरी पोहोचावं म्हणून धावत सुटला. जाता जाता त्यानं एकदाच मागं पाहिलं. काळ्या पडद्यापुढं हर्षा बसली होती, आणि तिच्याशेजारी मनकर्णाबाई. बाकी नुसत्या सतरंज्या.

तो अंगणात शिरला तेव्हा निर्मलाबाई बरबटीचे, म्हणजे चवळीचे, वडे तळत होती. घरच्या पाहुण्यांपुरता भात, वांग्याची भाजी, वडे, असा बेत होता.

"चूल विझव, जेवन नाही म्हन," सुखराम धापा टाकत म्हणाला. "अख्खी मंडई जेवाले येऊन राहिली."

"कोनं बोलावलं?"

"मी."

निर्मलाबाईनं झारा हातात धरूनच त्याच्याकडे पाहिलं. असं पाहिल्यावर वडेसुद्धा आपोआप उलटले असते. पण बोलायला वेळ नव्हता. पहिली पंगत दारात उभी होती आणि तीत कारध्याहून आलेला कोणाचा तरी जावई सगळ्यांत पुढं होता. जावई दारात आल्यावर कोणती बाई चूल विझवते? तिनं पदर खोचला, पटांगणावरून नुकत्याच परतलेल्या शेजारच्या सत्यवतीला कुंपणावरून एकच हाक दिली, आणि मग जे झालं ते त्याच गावात होऊ शकतं. सत्यवतीनं आपल्या घरचा भाताचा गंज आणला, अख्खं पातेलंच. तिच्या पलीकडच्या घरातून लाखोळीची डाळ आली. कोणी करंज्या आणल्या, कोणी नुसतंच लोणचं. मंडईला रांधलेलं सगळ्या गावाचं अन्न त्या एका अंगणात येऊन मिसळलं आणि लोक जिथं जागा मिळेल तिथं बसले.

आणि तोंडात घास गेल्यावर लोक बोलू लागले.

"अर्धा घंटा पाखराची वाट पायली," केशवराव भात कालवत म्हणाले, "अन् माही पाठबी नाही दिसली. याच्यापरीस नाटक काय वाईट होतं?"

"पन काकाजी, तो कोटवाला भारी होता," एक पोट्टा म्हणाला.

"तो कोटच होता बे."

"म्हनूनच तं भारी."

"मले तं समजला," नळाच्या तोटीसारख्या नाकाचा एक गृहस्थ गंभीरपणे म्हणाला. "तो आपल्या नळयोजनेवर हाय. आपन वाट पाहून नाही राहिलो का?"

"उगा काही नका सांगू," सत्यवती वाढता वाढता म्हणाली. "त्या डायरेक्टराची माय नसन. घरी कोनी विचारनारं असतं, तं असा बोडीवर बसला असता का?"

कैलाश पायऱ्यांवर बसून तिसरा वडा खात होता. सुखराम दिसताच त्यानं मनापासून दाद दिली. "मावसाजी, सिनेमा काही समजला नाही. पन इंटरव्हल एक नंबर हाय."

सुखराम पंगतीतून हात जोडत फिरू लागला. "उठा जी. सिनेमा सुरूच हाय. परत चला."

सगळे घास थांबले. केशवरावांनी त्याच्याकडे वर पाहिलं.

"ताटावरून उठवून राहिला, सुखराम? घरी बोलावून?"

"तसं नाही जी. मी बोलावलं नाही. मी सिनेमात बोललो."

"सिनेमात तूच होता न?"

"मीच होतो. पन मी आता नाही बोललो. मागच्या हिवाळ्यात बोललो."

"म्हंजे मागच्या हिवाळ्यात बोलावलं," केशवरावांनी विचार करून हिशोब जुळवला, "अन् आता वाढून राहिला. मंग तं आमी उशिराच आलो."

सगळे हसले. सुखराम हसला नाही. तो केशवरावांच्या ताटापुढं उकिडवा बसला आणि हळू आवाजात, वांग्याच्या भाजीकडे पाहत, त्यानं सगळं सांगून टाकलं. पुण्याचे लोक मधात उठले ते, हर्षा काय म्हणाली ते, फिरणारी खुर्ची, तिचं प्लॅस्टिक. "तिथं पोरगी रिकाम्या सतरंज्यायसोबत बसली हाय जी. मीच सांगतलं होतं, मधात कोनी उठाचं नाही. अन् मीच उठवून आनलं सगळ्यायले."

केशवरावांचा घास हातातच राहिला. "पयले सांगाचं न गा," ते म्हणाले. त्यांचा आवाज गिरणी बंद झाल्यावर येतो तसा एकाएकी लहान झाला होता. "बसून राहिलो असतो. झोपलो असतो तरी बसून झोपलो असतो. पन आता ताटावरून कसा उठू? अन्नावरून उठत नाही मानूस."

तेही खरंच होतं. जिथून उठायचं नव्हतं तिथून लोक उठले होते, आणि आता उठवायचं तर उठवता येत नव्हतं. सुखराम तसाच बसून राहिला.

तेवढ्यात पटांगणाच्या बाजूनं आवाज आला.

लांब, उंच, तुतारीनं कोणाला तरी नावानं हाक मारावी तसा. एक हाक, आणि तिच्यावर लगेच दुसरी, थोडी बारीक. नर आणि मादी. भुपेंद्रच्या स्पीकरमधून निघून ती हाक घरांच्या कौलांवरून, धानाच्या रचलेल्या पुंजण्यांवरून तरंगत आली आणि अंगणात उतरली.

भात चिवडणारे हात थांबले. पिंपळटोलीच्या बोडीत सारस उतरल्याला किती पावसाळे झाले होते, हे आता कोणी सांगू शकलं नसतं. पोट्ट्यांनी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. पण केशवरावांनी ऐकला होता. त्यांच्या आईनं त्यांना बोडीच्या पाळीवर घेऊन भात भरवला होता तो या आवाजावर.

पुन्हा हाक आली.

"आले न," केशवराव म्हणाले, आणि ताटावरून उठले.

मग कोणी कोणासाठी थांबलं नाही. उष्ट्या हातांनी, भाताची बोटं चाटत, करंजी तोंडात धरून, लेकरं काखेत मारून सगळं अंगण शाळेकडे धावलं. कैलाश वडा हातात घेऊन धावला. निर्मलाबाईसुद्धा झारा घेऊन धावली आणि मग अर्ध्या वाटेत आठवण होऊन चूल पाहायला परतली. सुखराम सगळ्यांच्या मागं राहिला, कारण त्याला आपल्याच अंगणातून बाहेर पडायला जागा मिळेना.

तो पोहोचला तेव्हा पडद्यावर बोडी होती. टॉवेल कॅमेऱ्यावरून अर्धा घसरलेला, त्यामुळे पडद्याचा एक कोपराच उघडा. त्या कोपऱ्यात पाणी हलत होतं. वर्तुळं काठाकडे येत होती, मधे नुकतंच कोणी पाय उचलल्यासारखी. धुऱ्यावर नायकाचा कोट. माणूस एकही नाही. सगळी टोळी जेवायला गेली होती. मग पडदा पांढरा झाला. संपलं.

"आले होते का?" पन्नास जणांनी एकदम विचारलं. "मनकर्णाआजी, तुमी पायले का?"

"पायले न," मनकर्णाबाई म्हणाली.

"कुठी होते?"

"त्या कोटाच्या मांगं. दोन होते. एकानं पाय उचलला अन् दुसऱ्यानं मान वाकवली."

हर्षानं चमकून तिच्याकडे पाहिलं. सगळ्या सिनेमात नुसता आवाज होता. पाखरू कुठंच नव्हतं.

"आजी, तुले तं दिसत नाही," पोट्टे म्हणाले.

"मले दिसत नाही, पन मी जागेवर होती न," मनकर्णाबाई म्हणाली. "तुमी कुठी होते?"

तिला उठवणाऱ्या दोघी जेवायला पळाल्या होत्या, म्हणून ती जागेवर होती, हे तिनं सांगितलं नाही.

मग भांडण जुंपलं. पाखरू होतं, नव्हतं, कोटामागं असूच शकत नाही, पाणी मग हललं कशानं, बदकानं, बदक एवढं हलवते का. सत्यवती म्हणाली, "मले तं काही आवडला नाही हा सिनेमा. पन पाखरू पायल्याबिगर घरी कशी जाऊ?" केशवराव भातानं माखलेला हात आकाशाकडे धरून गर्दीतून वाट काढत हर्षापुढं येऊन उभे राहिले.

"पोरी, पुन्हा लाव."

"शेवटचं तेवढं लावू, काकाजी?"

"पयल्यापासून लाव. अन् माही स्कूटर आली की मले सांगजो."

हर्षानं ओढणीनं नाक पुसलं आणि भुपेंद्रला हात केला. लोक सतरंज्यांवर बसू लागले. कैलाश हळूच तिच्यापाशी आला.

"हर्षा, मले एकट्याले सांग. आले होते का?"

"पुढं बस न दादा. पाहून घे."

"सांग तं. सकाळी लवकर निघाचं हाय आपल्याले. दुकान उघडाचं हाय."

"मग तू निघ. मी काही येत नाही."

कैलाशनं वड्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला आणि पोट्ट्यांमध्ये मांडी घालून बसला. "पन खुर्चीचं प्लॅस्टिक मी आता काढून टाकतो. धूळ बसते त्याच्यावर."

सुखराम लांब उभा राहून हे सगळं पाहत होता. हर्षानं त्याला हातानं बोलावलं आणि आपल्याशेजारची जागा दाखवली.

"बाबा, आता तुम्ही बसा. अन् चोच आली की बैलांकडे पळू नका."

म्हणजे पोरीला ठाऊक होतं. सुखराम खाली मान घालून बसला. पडद्यावर बोडी उजाडली. पहिल्यांदाच आपण आपल्याला पाहणार, या विचारानं त्याच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"हर्षाचे बाबा," शाळेच्या फाटकातून निर्मलाबाईचा आवाज आला. तो स्पीकरमधला नव्हता. "अंगनात पाय ठेवाले जागा नाही. अख्ख्या गावाची उष्टी ताटं पडली हायेत. बोलावलं कोनं होतं?"

सुखराम उठला. हर्षा तोंडावर हात दाबून हसत होती.

मग तो घरच्या विहिरीच्या दगडावर बसला, बाही वर सारली, आणि राखेनं ताटं घासू लागला. पटांगणावरून सिनेमा ऐकू येत होता. छत्रीच्या भांडणाला या वेळी मोठ्ठा हशा झाला. कोटाशी चाललेल्या बोलण्याला कोणी तरी "अहाहा" म्हणालं. केशवरावांची स्कूटर आली असावी, कारण टाळ्या पडल्या. त्याची चोच आली तेव्हा काय झालं ते त्याला कळलं नाही, तेव्हा विहिरीत बादली पडत होती.

मग एकाएकी शांत झालं. दिग्दर्शक रुसला होता.

सुखरामच्या हातातलं ताट थांबलं.

"चला जी, जेवाले चला," तो स्वतः चांदण्यातून बोलला. "सगळे चला. पावनेमंडळी, लाजू नका."

त्यानं अंगणाच्या फाटकाकडे पाहिलं. श्वास धरून पाहत राहिला. रस्त्यावर पाऊल वाजलं नाही. "कोनी उपाशी गेलं तं मले वाईट वाटन," असं त्याचाच आवाज इतक्या आर्जवानं म्हणाला, की तो स्वतःच ताट हातात धरून अर्धा उठला. फाटक रिकामंच.

"काय पाहून राहिले?" निर्मलाबाईनं विचारलं.

"कोनी नाही आलं."

"मंग चांगलंच झालं न. तेच पायजे होतं तुमाले."

"चांगलंच झालं," सुखराम म्हणाला. त्यानं ताटाला राख लावली, घासलं, धुतलं, उलटं करून पाणी निथळलं.

"पन इतकं बोलावलं न मी," तो थोड्या वेळानं पुटपुटला. "एक तरी मानूस याले पायजे होता."